शेवटचा अर्धा इंच

खात्यातले लोक त्याला एकबारी म्हणत. नाव कुणी ठेवलं ते आता कुणाला आठवत नाही, पण ठेवणाऱ्याने उगाच ठेवलं नव्हतं. पाय मोडलेला घोडा असो, पिसाळलेला कुत्रा असो की विहिरीत पडून कंबर गेलेलं वासरू, डॉक्टरांनी हात टेकले की याला बोलावणं जायचं. हा यायचा, जनावराच्या कपाळावर दोन बोटं ठेवून जागा बघायचा, आणि एका बारात काम संपायचं. दुसरा बार कधी लागत नसे. पशुवैद्यकीय खात्यात त्याची बावीस वर्षं अशी गेली होती. हे काम कुणी हौसेने करत नाही आणि करणाऱ्याच्या गळ्यात कुणी हार घालत नाही. पण जे करावंच लागतं ते धडपणे करणाऱ्याकडे बघून लोकांनी निदान नाक मुरडू नये, एवढीच त्याची अपेक्षा होती, आणि ती काही फार नव्हती.

रायफल खात्याचीच, लहान जातीची. तिचं काडतूस झिजलेल्या पेन्सिलीएवढं. काडतुसाच्या बुडाच्या कडेत पेट घेणारी दारू असते, तिथे पिनचा ठोका बसला की बार उडतो. मग बोल्टची, म्हणजे नळीमागच्या सरकत्या दांड्याची, मूठ वर करून मागे ओढायची, की रिकामी पुंगळी बाहेर पडते. पुढे ढकलायची, की मॅगझिनमधलं नवं काडतूस नळीत जातं. वर, मागे, पुढे, खाली. सदऱ्याची बटणं लावायला जेवढं लक्ष लागतं तेवढंही त्याला यासाठी लागत नसे.

कामावरून आला की तो स्वयंपाकघरातल्या टेबलावर वर्तमानपत्र पसरून रायफल उघडायचा, नळीतून चिंधी फिरवायचा, एकेक भाग पुसून तेलाचा हात द्यायचा. बायको भाजी निवडता निवडता बघायची. "एवढं तेल माझ्या गुडघ्यांना चोळलं असतंत," ती म्हणायची, "तर आज मी जिना धावत चढले असते." तो हसायचा आणि चिंधी बदलायचा. त्यांच्या संसारात रायफलीवरून एवढंच बोलणं व्हायचं. आज किती, कुठे, कुणाचं, हे तिने कधी विचारलं नाही.

त्या वर्षी थंडीत मेंढ्यांवर रोग आला. आधी दोन कळपांत, मग पाच, मग रोज नवी बातमी. वरून हुकूम निघाला. नकाशावर कुणीतरी वर्तुळ काढलं आणि वर्तुळातल्या सगळ्या मेंढ्या मारायच्या असं ठरलं, आजारी असोत की धडधाकट असोत. असली वर्तुळं काढणाऱ्या माणसाने मेंढीच्या कानाला कधी हात लावलेला नसतो. इंजेक्शनं पुरेनात, डॉक्टर पुरेनात, तेव्हा रायफलवाले काढले. ते तिघं होते. दोघं बाहेरून आणलेले तरणे गडी, आणि तिसरा एकबारी.

आजवर त्याचं एक जनावर असायचं, आणि ते बहुतेक वेळा स्वतःच सुटका मागत असायचं. आता दिवसाला दीडशे, दोनशे. त्यातल्या निम्म्या मेंढ्या त्याच्या खिशाशी तोंड घालून काही खायला आहे का बघायच्या.

तिसऱ्या आठवड्यात रायफल पहिल्यांदा अडली. एक मेंढी आडवी झाली, त्याने बोल्ट मागे ओढला, पुढे ढकलला, दुसरीच्या कपाळाशी नळी नेली, चाप ओढला, आणि नुसतं खट्ट झालं. बोल्ट उघडला तर आत मघाचीच रिकामी पुंगळी. बाहेर पडलीच नव्हती. त्याने ती खिशात टाकली, नवं काडतूस भरलं आणि काम पुढे चालू केलं. तासाभराने पुन्हा खट्ट. दुसऱ्या दिवशी चारदा.

एरवी रायफल अडल्याने कुणाचं काही बिघडत नव्हतं. नळीपुढची मेंढी दोन मिनिटं जास्त जगायची, इतकंच. पण एका म्हाताऱ्या मेंढपाळाकडे नको ते झालं. थोराड मेंढा होता. ऐन वेळी त्याने मान झटकली आणि बार चुकीच्या जागी लागला. मेंढा गुडघ्यांवर आला, पण मेला नाही. बावीस वर्षांत पहिल्यांदा एकबारीला दुसऱ्या बाराची गरज होती, आणि रायफलीने खट्ट केलं. त्याने पुंगळी काढली, नवं काडतूस भरलं, तोवर मेंढा जो आवाज काढत होता तो त्याने जन्मात ऐकला नव्हता. म्हातारा जवळच उभा होता. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं, असं एकबारीला वाटलं. त्या दिवशी घरी आल्यावर त्याला जेवण गेलं नाही.

मग त्याने रायफलीच्या खनपटीलाच बसायचं ठरवलं. घोडं नेमकं कुठे पेंड खातंय ते शोधायचं. आधी मॅगझिन बदललं. एक दिवस बरा गेला, दुसऱ्या दिवशी तीनदा खट्ट. काडतुसांच्या गोळीला मेणाचा थर असतो, तो नळीच्या मागच्या तोंडाशी साचून पुंगळी धरून ठेवतो, म्हणून ते तोंड ब्रशने घासून आरशासारखं केलं. फरक नाही. पुंगळी ओढून काढणारी छोटी पोलादी नखी असते, तिची धार गेली असेल म्हणून नवी बसवली. मग तिची स्प्रिंग बदलली. मग भांडारवाल्याशी वाद घालून दुसऱ्या खोक्यातली काडतुसं घेतली. भांडारवाला म्हणाला, "नाचता येईना, अंगण वाकडं." एकबारीने त्याच्याशी आठ दिवस बोलणं टाकलं.

माणूस पद्धतशीर. अडलेली प्रत्येक पुंगळी तो एका डबीत ठेवायचा आणि किती झाल्या ते मोजायचा. पुरवठादाराच्या नाकासमोर डबी उपडी करायची असा त्याचा बेत होता. सुट्टीच्या दिवशी खात्याच्या आवारात मातीच्या ढिगाला पत्रा टेकवून त्याने शंभर बार काढले. शंभरच्या शंभर सुरळीत. रायफल लोण्यासारखी चालली. त्यावरून त्याने काय ओळखावं? की मेंढवाड्यात लोकरीचा भुगा उडतो, तो आत जातो. दुसऱ्या दिवसापासून तो बोल्टवर फडकं गुंडाळून जायला लागला. काखेत कळसा म्हणतात तो हाच.

त्याच आठवड्यात मारायच्या कळपांची पुढची यादी लागली. तिच्यात चौथ्या ओळीला ताई होती.

ताई म्हणजे थोरली बहीण. आई गेली तेव्हा तो पाच वर्षांचा आणि ती चौदाची. तिने त्याला न्हाऊमाखू घातलं, शाळेत नेऊन बसवलं, मास्तरांनी मारलं तर मास्तरांशी भांडायला गेली. लग्न होऊन गेली तीही मेंढ्यांच्याच घरात. नवरा वारल्यावर बासष्ट मेंढ्यांचा कळप तिने एकटीने राखला होता. एकही आजारी नव्हती. पण वर्तुळ तिच्या कुंपणाच्या पलीकडून गेलं होतं, म्हणजे कळप आत.

तिचा फोन आला तेव्हा ती रडली वगैरे नाही. ताई रडणाऱ्यातली नव्हती. तिने एवढंच विचारलं, की कोण येणार ते खात्यात ठरतं की सांगता येतं? सांगता येतं, तो म्हणाला. "मग तू ये," ती म्हणाली. "परक्याच्या हातून नको."

तो हो म्हणाला. फोन ठेवला आणि यादीवरची तारीख पाहिली. ताईच्या मेंढ्या तो नावानिशी ओळखत नसला तरी ती ओळखत होती. तिच्यासमोर एखादी गुडघ्यांवर आली आणि दुसरा बार निघाला नाही तर? त्या मेंढ्यासारखा आवाज ताईच्या दारात निघाला तर? हातात नऊ दिवस होते. नऊ दिवसांत रायफल सुधारायलाच हवी होती.

म्हणून तो बंदूकवाल्या बाईंकडे गेला. बाजाराच्या मागच्या गल्लीत त्यांचं दुकान होतं. सासऱ्यांनी चालवलेलं, नवऱ्याला त्यात रस नव्हता, म्हणून सुनेने हातात घेतलेलं. साठीच्या बाई, डोळ्याला घड्याळजीसारखं भिंग, आणि जिभेला धार. त्यांनी रायफल उघडली, प्रत्येक भाग भिंगाखाली फिरवला, आणि तळघरात जाऊन तीस बार काढून आल्या. "नवी नवरी आहे ही," त्या म्हणाल्या. "काही झालेलं नाही हिला."

मग त्याने डबी काढली. बाईंनी काळ्या कापडावर पुंगळ्या ओतल्या. एकतीस होत्या. त्यांनी चिमट्याने एकेक उचलून बुडाची कडा पाहिली. पाच-सहा पाहून त्या थांबल्या, मग पुन्हा सगळ्या पाहिल्या. एकबारी काउंटरला टेकून उभा होता. इतक्या दिवसांनी कुणीतरी त्याची डबी मनावर घेतली याचंच त्याला बरं वाटत होतं.

बाईंनी विचारलं, की अडते तेव्हा नवं काडतूस मागून येऊन चेपतं का, शिशाचं नाक वाकलेली काडतुसं कधी सापडली का? कधीच नाही, तो म्हणाला. एकही? एकही नाही. बाईंनी भिंग काढून ठेवलं आणि त्याला स्टुलावर बसायला सांगितलं.

त्यांनी समजावलं ते असं. या एकतीसही पुंगळ्यांवर पिनचे दोन ठसे होते, एकावर एक. म्हणजे बार झाल्यावर पुंगळी नळीतून निघाली, आणि तीच पुन्हा आत गेली. नखी निसटली असती तर पुंगळी जागची हललीच नसती आणि मागून येणाऱ्या काडतुसाचं नाक चेपलं असतं. तसं एकदाही झालं नव्हतं. नवं काडतूस मॅगझिनमधून वर आलंच नव्हतं. ते केव्हा वर येतं? बोल्ट अगदी मागच्या टोकाला गेला की. पुंगळीही तिथेच, शेवटच्या अर्ध्या इंचात बाहेर फेकली जाते.

"मग बोल्ट मागे जात का नाही?" त्याने विचारलं.

"जातो की. माझ्या हाताने तीसदा गेला. तुमच्या हाताने पत्र्यावर शंभरदा गेला, तुम्हीच सांगितलंत," बाई म्हणाल्या. "भाऊ, रायफल अडत नाही. तुमचा हात अडतो. अर्ध्या इंचावर येऊन थांबतो. पुढचं काडतूस वर यायला नको असतं त्याला."

एकबारीला राग आला. बावीस वर्षांचा हात आहे हा, तो म्हणाला, काल धरलेली रायफल नाही. बाईंनी वाद घातला नाही. त्यांनी पुंगळ्या डबीत भरून डबी त्याच्यापुढे सरकवली. तो उठला नाही. बराच वेळ त्याने आपला उजवा हात मांडीवर पालथा ठेवून त्याच्याकडे पाहिलं. दुसऱ्या कुणाचा तरी असल्यासारखा तो तिथे पडला होता.

"यावर उपाय?" अखेर त्याने विचारलं.

बाई म्हणाल्या की हाताला स्प्रिंग बसवून मिळत नाही. त्यांचं ऐकायचं तर त्याने हे काम सोडावं, निदान या यादीपुरतं. नेमबाजीच्या स्पर्धेत घाबरलेल्या पोरांचं असं होतं, त्यांना त्या हाताच्या चालीतला एकेक टप्पा मोजायला लावतात. बोल्ट मागे टेकल्याचा टक्क आवाज कानांनी ऐकल्याशिवाय पुढे ढकलायचं नाही, असं घोकायला लावतात. मोजण्यात डोकं गुंतलं की हात मुकाट चालतो. "पण ती पोरं कागदावर नेम धरतात," बाई म्हणाल्या. "तुम्हाला हे शिकवावं असं मला वाटत नाही."

त्याने शिकून घेतलं. आठ दिवस रोज संध्याकाळी स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून रिकामी रायफल धरून तो मोजत होता. वर. मागे, टक्क. पुढे. खाली. दोनशे वेळा, तीनशे वेळा. बायकोने विचारलं काय चाललंय, तर म्हणाला नवी स्प्रिंग बसवली आहे, ती सैल करतोय. तिने त्याच्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं आणि कुकरची शिट्टी झाली म्हणून ती उठली. दिवसा कामावरही तो मोजत होता. पहिल्या दिवशी दोनदा खट्ट झालं, दुसऱ्या दिवशी एकदा. पाचव्या दिवसापासून एकदाही नाही. बाहेरून आणलेल्या दोघांनी त्याच्या पाठीवर थाप मारली.

ताईकडे तो सकाळी आठला पोचला. बरोबर डॉक्टरीणबाई आणि ट्रकवाले. आभाळ स्वच्छ होतं, गवतावर दव होतं. ताईने मेंढ्यांना सकाळचा चारा घातला होता. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आजी, तुम्ही आत थांबा, आमची माणसं धरतील. ताई म्हणाली, मीच धरणार. तिच्याशी हुज्जत घालण्यात अर्थ नव्हता.

ती एकेकीला हनुवटीखाली हात घालून आणायची. कपाळावर हात फिरवायची आणि काहीतरी म्हणायची. प्रत्येकीला वेगळं म्हणत असावी. काय म्हणत होती ते त्याला ऐकू आलं नाही, कारण तो मोजत होता. वर. मागे, टक्क. पुढे. खाली. मेंढी आडवी व्हायची, ताई दुसरी आणायला वळायची. दहा झाल्या. वीस झाल्या. एकीनेही मान झटकली नाही, ताईचा हात होता ना. मॅगझिन रिकामं झालं की तो भरायचा आणि पुन्हा मोजायला लागायचा. तिसाव्या मेंढीनंतर त्याला चक्क बरं वाटायला लागलं. रायफल चालली होती, हात चालला होता, कुणाला त्रास होत नव्हता, बहिणीला दिलेला शब्द पाळला जात होता. त्या बरं वाटण्याबद्दल त्याने पुढे स्वतःला कधी माफ केलं नाही.

बासष्टावी मेंढी पडली तेव्हा दहा वाजून गेले होते. बासष्ट मेंढ्या, बासष्ट बार. डॉक्टरीणबाईंनी कागदावर सही घेतली. ट्रकवाले कामाला लागले.

ताई अंगणातल्या नळावर हात धूत होती. तो रायफल खांद्याला लावून शेजारी जाऊन उभा राहिला. लहानपणी काही चांगलं केलं की तो असाच तिच्या शेजारी जाऊन उभा राहायचा.

"चांगलं केलंस," ती म्हणाली. "एकीलाही कळलं नाही."

तो म्हणाला, की मधे रायफल फार अडत होती, त्याची त्याला धास्ती होती. म्हणून मुद्दाम दुरुस्त करून घेतली.

ताईने नळ बंद केला. पदराला हात पुसत ती त्याच्याकडे न बघता बोलली. "रायफल कुठली रे. हात अडत होता तुझा. सगळे मेंढपाळ तेच सांगत होते. त्या म्हाताऱ्याने तर येऊन मला सांगितलं, तुझ्या भावाचा हात उठत नाही गं, त्या दोघांचे तर भराभर चालतात. म्हणून लोकांना तूच हवा होतास. मीही म्हणूनच तुला ये म्हटलं." तिने पदर कमरेला खोचला. "मला वाटलं होतं, माझ्या दारात तरी एकदा अडेल."

मी तुझ्यासाठीच शिकलो, असं त्याला म्हणायचं होतं, आणि ते खरंही होतं. पण खरं असून त्याचा काही उपयोग नव्हता. ताई चिडलेली नव्हती. चिडली असती तर त्याने पाय धरले असते. ती फक्त दमली होती, आणि बोलून झाल्यावर चूल पेटवायची राहिली म्हणून आत गेली.

तो अंगणात थोडा वेळ उभा राहिला. जिने त्याला आयुष्यात एकदाही दारातून उपाशी पाठवलं नव्हतं, ती त्या दिवशी जेवून जा म्हणाली नाही. ट्रकवाल्याने हॉर्न दिला तेव्हा तो जाऊन गाडीत बसला. दुपारी दोनला यादीतला पाचवा कळप होता, शंभराच्या वर, आणि तिथेही त्याचा हात एकदाही अडला नाही.